सागवानी खच्चर

आबाजी, माझे आजोबा, गेले त्या दुपारी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आई तर निघूनच गेली, तिला सांगायचं राहिलं. सत्तावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात गावच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, उतरवले नसते, तर हे बहुतेक माझ्यासोबतच गेलं असतं.

गाव अल्लीपूरच्या पलीकडं, नाल्याच्या काठी. मी वर्ध्याला, नालवाडीत राहतो, गावी जाणं होतं ते लग्नाकार्यापुरतं. जुनं छप्पर काढून स्लॅब टाकायचा म्हणून धाकट्या भावानं, दिनेशनं, फोन केला. "दादा, तुही काई वस्तू ठेवायची असन तं येऊन पाह्य. आबाजीची पेटी तं मी बाजूले काढली. अन् अजून एक सापडलं. वर पाटनाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सापटीत. लाकडाचं गाढव आहे का काय, समजून नाई राह्यलं."

मी म्हणालो, "गाढव नाही ते. खच्चर आहे."

"तुले कसं माहीत?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा अंगणात कवेलूंच्या रांगा लागल्या होत्या. जुन्या कवेलूंचा एक वास असतो: ओली माती, धूर, उंदराच्या लेंड्या, कितीतरी पावसाळे. त्या वासात मी खाली बसलो आणि दिनेशनं ते माझ्या हातात दिलं. वीतभर उंच, दीड वीत लांब. एक कान वाळवीनं खाल्लेला. चाकं जागेवर. पाठीवर खाकी कापडाचं खोगीर, त्याचा रंग आता धुळीचा. पुढच्या डाव्या खुरावर तापल्या खिळ्यानं डागलेला आकडा. आणि गळ्यात रिबीन. एकेकाळी ती लाल होती.

रिबीन पाहिली आणि मी ती मुठीत झाकली. दिनेशला वाटलं, आबाजींच्या आठवणीनं. त्यानं पाणी आणून दिलं.

आबाजी फौजेत होते. गाव त्यांना हवालदार म्हणायचं, पण ते कधी हवालदार नव्हते. ती बढती गावानं दिलेली. ते खच्चर पलटणीत होते. बर्फाच्या मुलखात, जिथं गाडी जात नाही आणि रस्ता म्हणजे कड्यावरची एक रेघ असते, तिथं वरच्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, दारूगोळा पोचवायचा तो खच्चरांच्या पाठीवरून. एका जवानाकडं एक जनावर. आबाजींच्या खच्चराचं नाव लाडो. कागदावर तिचा फक्त नंबर होता, खुरावर डागलेला. लाडो हे नाव तिच्या आधीच्या पंजाबी जवानानं ठेवलेलं.

फौजेतून ते दोन सवयी घेऊन आले. एक, रोज दाढी. घरात दुःख असो, पाऊस असो, पितळी वाटीत साबणाचा फेस व्हायचाच. दुसरी, पहले जनावर, मंग जवान. शेतातून कितीही दमून आले तरी आधी बैलाला पाणी, बैलाला चारा, त्याच्या खुरात खडा रुतलाय का ते पाहणं, आणि मग स्वतःचा पेला. आजी चिडायची, "बैलाचंच लगन लावलं असतं तुमच्याशी." ते म्हणायचे, "लाडोशी लागलं होतं ना वो. तुह्या बापानं उशीर केला."

जानेवारीत झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी ती काळी पत्र्याची पेटी उघडायची. त्यातून डांबरगोळ्यांचा, राईच्या तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा. पदकं ते चिंचेच्या कोळानं घासायचे. चिंच नको, रंग उडतो, असं कुणी सांगितलं की म्हणायचे, "रंग गेला तं जाऊ दे. चकाकलं पायजे." दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र सदरा, छातीवर ती पदकं, आणि शाळेच्या मैदानात ताठ उभे. विहारातल्या वंदनेलाही तसेच, पण पदकांशिवाय. "तिथं सगळे शिपाईच," म्हणायचे.

त्यांचा एकच मित्र. सोमाजी मडावी. गावाच्या टोकाला गोंडांची दहा-बारा घरं होती, त्यातलं एक त्यांचं. हाताला सुतारकी होती, बोलणं कमी. रोज संध्याकाळी दोघं आपापले बैल घेऊन नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, यायचे. बैल पाण्यात उतरायचे, हे दोघं रपट्याच्या कठड्यावर बसायचे. आणि भेटल्यावरचा नमस्कार हा असा की मला आजही ऐकू येतो.

"जय भीम, हवालदार."

"जोहार, सोमाजी."

जय भीम आमचा, जोहार गोंडांचा. ज्यानं त्यानं दुसऱ्याचा नमस्कार करायचा, असा त्यांचा काही करार असावा. मी कधी विचारलं नाही. सोमाजी पुढं विचारायचे, "आज किती दुश्मन पाडले?" आबाजी हातावरचा डास मारून दाखवायचे, "हा एक. बाकीचे पयाले." आणि मग बराच वेळ नुसता बैलांच्या पाणी पिण्याचा आवाज. विडीचा वास. नाल्याच्या काठची ओली घाणेरी.

मी चौथीत होतो त्या वर्षी आबाजींनी ठरवलं की तान्ह्या पोळ्याला नातवाचा बैल बाजारचा नाही. तान्हा पोळा आमच्याकडं मोठा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून शाळेपुढं रांगेत उभी करतात, लोक बघायला येतात, मग घरोघरी बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ. आमच्या मोहल्ल्यातले काही जण पोळ्यात जायचे नाहीत, आपला तो सण नाही म्हणून. आबाजी म्हणायचे, "आपल्यात देव नाई, कबूल. पन बैलाले काऊन नाराज करता?"

सोमाजींनी एका मोडक्या दाराच्या चौकटीचं सागवान दिलं. श्रावणभर दोघं रपट्यावर बसून ते तासत होते. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. सोमाजींची नात फुलवंता, फुला, माझ्याच वर्गातली, तिला मात्र सगळं ठाऊक होतं आणि ती सांगायची नाही. "पाह्यशीन तवा पाह्यशीन," एवढंच.

पोळ्याच्या दिवशी आबाजींनी फडकं काढलं. मी पाहत राहिलो. लांब कान, पाठीवर खोगीर. त्यांच्या फौजी पँटीचं कापड कापून शिवलेलं.

"शिंगं कुठं आहेत, आबाजी?"

"खच्चराले कायचे शिंगं? ही लाडो होये."

तेव्हा त्यांनी ती गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली. एकदा बर्फातल्या वाटेवर लाडो थांबली. पुढं पाऊल टाकेना. मागं सगळी रांग खोळंबलेली, वरून बर्फ पडतंय, मागचे शिव्या देताहेत. आबाजींनी तिला दोरानं मारलं. एकदा नाही, चार-पाचदा. ती कान पाडून उभीच. आणि मग पुढची वाट, हातभर अंतरावरची, काही आवाज न करता खाली निघून गेली.

"मी तिले मारलं, अन् तिनं मले राखलं," आबाजी म्हणाले. "त्याच्यानंतर तिले दुसऱ्या चौकीवर धाडलं. मी तवा सुट्टीवर आलतो. तिची माफी मांगाची राहून गेली." मग त्या लाकडी पाठीवरून हात फिरवला. "दोर हातात असला म्हंजे आपलंच खरं वाटते मानसाले."

मी त्या वेळी हे ऐकलं म्हणायला ऐकलं. माझं लक्ष कानांकडं होतं. ते फार लांब होते.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी शाळेपुढं आंब्याच्या पानांचं तोरण. तीसेक बैल. बेगडाच्या झुली, रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरं. त्यांच्यात माझं खच्चर. पहिला हसला तो पाटलांचा गज्या. "अबे, हे पाहा, फौजीच्या नातवानं गाढव आनलं!" दुसरा म्हणाला, "कुंभाराच्या पोळ्यात ने बे त्याले, इथं काऊन आनलं?" मग रांगच्या रांग. गुरुजी हातात वही घेऊन आले, मला म्हणाले, "बैलांच्या पोळ्यात खच्चर चालत नाही बाळा. जरा बाजूला उभा राहा." तेही हसत होते. वाईट हेतूनं नाही, पण हसत होते.

गर्दीत आबाजी उभे होते. पांढऱ्या सदऱ्यावर पदकं लावून. जानेवारीशिवाय त्यांनी ती कधी लावली नव्हती. ती त्या दिवशी लाडोसाठी होती, हे मला आत्ता कळतं.

मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मीही हसलो. गज्याला म्हणालो, "म्हातारा येडा आहे माहा." आबाजींनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांची मान ताठच होती.

एकटी फुला हसली नाही. ती रांगेच्या बाजूला माझ्याजवळ आली, उकिडवी बसली आणि खच्चराच्या खुरावरचा आकडा बोटानं वाचला. "माह्या आजाचं लाकूड होये," म्हणाली. मग स्वतःच्या एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि लाडोच्या गळ्यात बांधली. "सगळ्याइच्या गयात काई ना काई आहे. हिच्याच नाई." तिनं विचारलं, एक चक्कर मारू का? मी दोरी दिली. शाळेच्या कुंपणापर्यंत जाऊन ती परत आली, दोरी माझ्या हातात दिली आणि गेली.

घरी आल्यावर मी पाटनावर, छपराखालच्या माळ्यावर, चढलो. भिंत आणि छपराच्या मधली ती सापट मला माहीत होती. हात जेमतेम जायचा. आत ढकललं. वर तणस कोंबलं. उद्या कुणी बोजाऱ्याला घेऊन चल म्हणू नये, एवढंच मनात होतं. रिबीन काढावी, हे सुचलंही नाही.

सकाळी आबाजींनी विचारलं, "लाडो कुठी आहे?"

आणि मी म्हणालो, "फुलानं मागतलं होतं. तिनंच नेलं असन."

ते उठले. चपला घातल्या. मला बोटाला धरलं. मला वाटलं, रस्त्यात सांगू. वाट लहान होती.

सोमाजींचं अंगण नुकतंच सारवलेलं. फुला कोंबड्यांना कण्या टाकत होती. तिच्या एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला सुतळी.

"सोमाजी, एक विचाराचं होतं. राग नोको मानू," आबाजी म्हणाले.

"विचार ना, हवालदार."

"ते लाकडाचं खच्चर. पोरीनं खेळाले आनलं का?"

फुलानं माझ्याकडं पाहिलं. आबाजींकडं नाही, तिच्या आजाकडं नाही. माझ्याकडं. मी बोलेन म्हणून थांबली होती. मी कोंबड्यांकडं बघत राहिलो.

"फुले, तू आनलं?"

"नाई, आजा."

"नाई म्हनते," सोमाजी म्हणाले. मग उठले. "घर पाहून घे, हवालदार."

"अरे, घर काऊन पाहीन मी?"

"नाई, पाह्य. विचारलं ना तू. मंग पाहूनच घे."

आणि ते आत गेले आणि एकेक वस्तू बाहेर आणून अंगणात मांडायला लागले. कढई. दोन थाळ्या. टोपली. गोधड्या. मोहफुलांचं मडकं. करवत, रंधा, पटाशी. फुलाचं दप्तर, तेही उलटं करून. आबाजी म्हणत होते, "पुरे, सोमाजी. बस झालं." सोमाजी थांबले नाहीत. सगळं घर त्या ओल्या सारवणावर येऊन पडलं. शेवटी त्यांनी हात झटकले.

"झालं? आता जय भीम."

त्यानंतर ते रपट्यावर आले नाहीत. आपले बैल ते वरच्या अंगाला, खडकाळ उतारावरून पाण्यावर नेऊ लागले. गावात पोरांनी फुलाचं नाव 'खच्चरचोर' पाडलं. पाडणाऱ्यांत मी नव्हतो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. थांबवणाऱ्यांतही नव्हतो. त्याच दिवाळीनंतर तिला दूरच्या आश्रमशाळेत घातलं. वर्गातली तिची जागा रिकामी झाली आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

आबाजी रपट्यावर जात राहिले. कठड्याच्या एका टोकाला बसायचे, दुसरं टोक मोकळं ठेवून. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहायला लागलं की काठावर उभे राहायचे. डास आता ते गुपचूप मारायचे. दर पोळ्याला पुरणपोळीचं पान घेऊन सोमाजींच्या दाराशी जायचे. आतून आवाज यायचा, "घरी नाई म्हनावं." पान तसंच परत यायचं आणि बैलाला जायचं.

दर उन्हाळ्यात घर फेरायला, म्हणजे कवेलू नीट लावायला, माणूस छपरावर चढायचा. कवेलूंचा खडखड आवाज सुरू झाला की मला अन्न जायचं नाही. त्या सापटीपर्यंत कुणाचा हात पोचला नाही. पुढं मी शिकायला वर्ध्याला गेलो, नोकरी लागली. माणूस मोठा झाला की लहानपणच्या खोट्याला वजन राहत नाही, असं मला वाटायचं.

चोविसाव्या वर्षी, आबाजींचं आजारपण वाढलं म्हणून, गावी आलो. कापूस वेचणीचे दिवस. घरची सगळी शेतात, कारण कापूस थांबत नाही. ते बाजेवर पडून होते. सकाळी मीच त्यांची दाढी केली होती. साबणाचा वास अजून खोलीत होता. कोपऱ्यात कापसाचा ढीग, त्यावर कवेलूच्या फटीतून पडलेली उन्हाची टिकली. ती हळूहळू सरकत होती. त्यांनी डोळे उघडले.

"खरं सांग, बा. फुलानंच नेलतं ना?"

चौदा वर्षांत त्यांनी हा विषय काढला नव्हता. मी त्यांच्या डोक्याच्या वर, छपराकडं पाहिलं. ती सापट तिथून चार हातांवर होती. पाटनावर चढून हात घातला असता तरी पुरे होतं.

मी म्हणालो, "हो, आबाजी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मंग राहू दे. सोमाजीले बलावून आन म्हननार होतो तुले. वाटे का, माहीच चूक झाली."

एवढंच. चार वाजायच्या सुमारास ते गेले. तोवर घरचे आले होते.

लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाला शांती दिली. मीही काही वर्षं असंच म्हणून पाहिलं. पण मी त्या क्षणी त्यांचा विचार केला नव्हता. मला लाज वाटली, एवढंच. चोवीस वर्षांचा, नोकरीवाला माणूस, आणि चौथीतल्या पोराइतकाच भ्यालेला. सोमाजींचं घर हाकेच्या अंतरावर होतं. ते आले असते.

प्रेतयात्रा रपट्यावरून गेली. सोमाजी तिथं उभे होते. कठड्याच्या दुसऱ्या टोकाशी, त्यांच्या जुन्या जागेवर. तिरडी समोरून जाईपर्यंत ते हलले नाहीत. गेल्यावर पाठीमागून म्हणाले, मोठ्यानं नाही, "जय भीम, हवालदार." उत्तरातला जोहार आला नाही. पुढल्या वर्षी तेही गेले.

गेल्या महिन्यात मी खच्चर कापडी थैलीत घातलं आणि बसथांब्याकडं निघालो. वाटेत अंगणवाडी. फाटकाशी एक बाई पोरांच्या चपला लावून ठेवत होती. फुलवंता. बरीच वर्षं झाली तिला गावी परत येऊन. अंगणवाडी तीच चालवते. केस पिकलेत. मला पाहून हसली.

"कवा आले, भाऊ? घर पाडून राह्यले म्हनते."

"हो. स्लॅब टाकतोय दिनेश."

"बरं झालं. कवेलूची लई कटकट." मग पदर खोचत म्हणाली, "एक काम होतं तुमच्याकडं. औंदा तान्ह्या पोळ्यात माहे लेकरं उभे कराचे आहेत. बैल कमी पडून राह्यले. तुमच्या घरातनं जुनं-पुरानं काई खेळनं निंघालं असन तं द्या ना. बैलच पायजे असं नाई. काई बी चालते."

तिच्या आवाजात टोचणी होती का? मी तेव्हापासून रोज ते वाक्य मनात वाजवून पाहतो. नव्हती. तिला खरोखरच खेळणं हवं होतं.

थैली माझ्या मांडीला लागत होती. आतला लाकडी कान टोचत होता.

"पाहतो," मी म्हणालो.

"पाहा. पोळ्याले येजा."

मी बसमध्ये बसलो. अल्लीपूर मागं पडेपर्यंत थैली मांडीवर होती.

आता लाडो माझ्या टेबलावर आहे. वाळवी झाडली, राईचं तेल लावलं. रिबीन तशीच ठेवली, गाठ सोडली नाही. ती गाठ फुलानं मारलेली आहे. बायकोनं विचारलं, हे काय. म्हणालो, आबाजींचं. अर्धं खरं बोलायची कला मला चांगली जमते.

आबाजींची आणि सोमाजींची माफी आता मागता येत नाही. लाडोची आबाजींना मागता आली नव्हती, म्हणून त्यांनी ती लाकडात कोरली, आणि मी ती भिंतीत कोंबली. एक माणूस मात्र अजून आहे, आणि ती रोज सकाळी दहाला अंगणवाडीचं फाटक उघडते.

पोळ्याला दोन महिने आहेत. मी फुलवंताचं देणं लागतो: तिची रिबीन, आणि शाळेपुढं, सगळ्या गावासमोर, मोठ्या आवाजात एक वाक्य, की खच्चर तिनं नेलं नव्हतं, मी लपवलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.